श्रीमंत देशातली उपाशी मुले: ब्रिटनमधले शाळेचे जेवण आणि त्याच्या अटी

मृण्मयी_लेस्टर

ब्रिटनमधल्या 'ट्रसेल' या संस्थेच्या फूड बँकांनी 2023-24 या एका वर्षात शिध्याची 31 लाखांहून अधिक पाकिटे दिली. एक पाकीट म्हणजे एका माणसाचा साधारण तीन दिवसांचा शिधा, आणि त्यांतली 11 लाखांहून अधिक पाकिटे मुलांसाठी होती. 2010-11 मध्ये हाच एकूण आकडा सुमारे 61 हजार होता. मधल्या काळात देशात दुष्काळ पडलेला नाही. मग एवढी मुले या रांगेत आली कुठून, हा प्रश्न मला इथे मांडायचा आहे. मी एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात काम करते आणि शनिवारी फूड बँकेत मदतीला जाते. माझे मत आधीच सांगून टाकते: इथे अन्नाला तोटा नाही, परंतु ते मुलाच्या ताटापर्यंत पोचण्याच्या वाटेवर उत्पन्नाच्या इतक्या चाळण्या लावलेल्या आहेत की ज्याला खरी गरज आहे तेच मूल त्यांतून गळून जाते.

शाळेतल्या जेवणाचेच उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत रिसेप्शन (चार-पाच वर्षांच्या मुलांचा सुरुवातीचा वर्ग), पहिली आणि दुसरी या वर्गांतल्या सर्व मुलांना सप्टेंबर 2014 पासून दुपारचे जेवण मोफत मिळते. तिसरीत गेल्यावर मात्र घरची कमाई पाहिली जाते. एप्रिल 2018 पासूनचा नियम असा की 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही सरकारी मदत घेणाऱ्या घराची कर वगैरे वजा जाता स्वतःची कमाई वर्षाला 7,400 पौंडांच्या आत असेल, तरच मुलांना मोफत जेवण मिळेल. मार्च 2023 मध्ये खाद्यपदार्थांची महागाई 19 टक्क्यांच्या वर गेली, तेव्हाही ही मर्यादा तसूभर हलली नाही. अर्ज करतेवेळी आईने आठवड्याला दोन-चार तास जास्तीचे काम घेतलेले असले आणि कमाई रेषेच्या थोडीशी वर असली, तर घरातल्या सगळ्या मोठ्या मुलांना मोफत जेवण नाकारले जाते. अनेक शाळांत एका जेवणाला तीन पौंडांच्या आसपास पडतात, म्हणजे दोन मुलांचे आठवड्याला सुमारे तीस पौंड. तीन तास जास्त काम करून मिळालेली रक्कम बहुतेक सगळी त्यातच जाते.

हे सप्टेंबरमध्ये आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी दिसते. जेवणाच्या पैशांचे खाते ऑनलाइन असते आणि तिसरीच्या मुलांच्या नावापुढे महिनाअखेरीस उणे शिल्लक दिसू लागते. मग पालकांना निरोप पाठवावा लागतो. गेल्या वर्षी एका आईने तो निरोप मिळाल्यावर फक्त एवढेच सांगितले की उद्यापासून घरून डबा देते. त्या डब्यात पांढऱ्या पावाचे दोन काप होते, मध्ये काहीही न लावलेले, आणि क्रिस्प्सचे (बटाट्याच्या वेफर्सचे) एक छोटे पाकीट. पावात काही नाही हे शेजारच्याला दिसू नये म्हणून तो मुलगा डब्याचे झाकण अर्धवट उघडून, हात आत घालून खात होता. त्याची आई एका केअर होममध्ये रात्रपाळी करते. ती आळशी नाही, बेफिकीरही नाही, आणि नियमाच्या दृष्टीने ती 'गरीब' सुद्धा नाही.

जून 2025 मध्ये सरकारने जाहीर केले की सप्टेंबर 2026 पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सर्व घरांतल्या मुलांना, कमाईची मर्यादा न लावता, मोफत जेवण मिळेल आणि त्यामुळे आणखी पाच लाख मुले त्यात येतील. हा मोठा निर्णय आहे. तरीही अर्ज, पात्रता आणि पडताळणी हा सांगाडा तसाच राहतो, म्हणून चर्चा व्हावी असे वाटते.

श्रीकांत_कोथरूड

लेख काळजीपूर्वक लिहिलेला आहे, परंतु माझ्या मनात दोन प्रामाणिक शंका आहेत. ज्या देशात प्रत्येक मुलामागे चाइल्ड बेनिफिट मिळतो, घरभाड्याला मदत मिळते आणि दवाखाना फुकट आहे, तिथे मूल उपाशी राहत असेल तर घरातल्या खर्चाची शिस्त हाही मुद्दा असणार, असे मला वाटते. दुसरे म्हणजे, तिथल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये लठ्ठपणा जास्त असल्याचे आपण वाचतो. एकाच वस्तीत लठ्ठपणा आणि उपासमार दोन्ही कशी असू शकते? कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, समजून घ्यायचे आहे.

केतकी_आहार

श्रीकांतराव, मी बर्मिंगहॅममध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून आधी दुसऱ्या शंकेवर लिहिते. तुमचे निरीक्षण बरोबर आहे. इंग्लंडमध्ये रिसेप्शन आणि सहावीतल्या मुलांची उंची-वजने दर वर्षी घेतली जातात आणि सर्वांत गरीब भागांत लठ्ठ मुलांचे प्रमाण सर्वांत सधन भागांच्या दुपटीहून जास्त असते. याचे कारण किमतीत आहे. समान उष्मांकांसाठी पौष्टिक अन्नाला इथे दुपटीहून अधिक पैसे पडतात. एका पौंडात पोट भरायचे असेल तर बिस्किटे, चिप्स आणि पांढरा पाव यांनीच भरते. सफरचंद, मासे आणि भाज्या यांनी भरत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोटभर आणि शेवटच्या आठवड्यात अर्धपोटी, असे चक्र चालू राहिले की मूल मिळेल तेव्हा जास्त खाऊन घेते. वजन वाढलेले दिसते, आणि त्याच मुलाच्या रक्तात लोह कमी असते. पालक त्याला माझ्याकडे वजनासाठी घेऊन येतात, तेव्हा मी विचारते की काल रात्री काय खाल्ले, आणि उत्तराआधी मूल आईकडे पाहते.

खर्चाच्या शिस्तीबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती बाहेरून दिसत नाही. इथे अनेक गरीब घरांत वीज आणि गॅसचे मीटर आधी पैसे भरून चालवायचे असतात. दुकानात जाऊन चावी किंवा कार्ड भरून आणायचे, आणि पैसे संपले की शेगडी बंद. 2022 मध्ये 'आइसलँड' या सुपरमार्केट साखळीच्या प्रमुखांनी सांगितले होते की फूड बँकेत येणारी काही माणसे बटाटे नको म्हणतात, कारण ते उकडायला लागणारा गॅस त्यांना परवडत नाही. डाळ शिजवायला चाळीस मिनिटे लागतात. स्वस्त आणि पौष्टिक स्वयंपाक करा हा सल्ला मी स्वतः रोज देते. पण तो देण्याआधी घरात शेगडी चालू आहे का, हे विचारायला मी आता शिकले आहे.

मृण्मयी_लेस्टर

केतकीताईंशी पूर्ण सहमत. आमच्या फूड बँकेत यासाठी वेगळी पाकिटे बांधून ठेवतात. एकात फक्त उकळत्या पाण्यावर होणारे पदार्थ असतात, म्हणजे कपातले सूप, झटपट नूडल्स, पाकिटातला बटाट्याचा मॅश. दुसऱ्यात अजिबात न शिजवता खाता येतील असे पदार्थ असतात. कोणते पाकीट हवे हे विचारण्याआधी घरात किटली आहे का, हे विचारावे लागते.

गोविंद_गुरुजी_वाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मृण्मयीताईंनी मांडलेला प्रश्न दूरच्या देशाचा असला तरी त्यातला एक धागा आमच्या आयुष्यातून गेलेला आहे, म्हणून लिहितो.

ऑगस्ट 1995 मध्ये केंद्र सरकारची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा आमच्याकडे मुलांना घरी न्यायला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत असे, आणि त्याला 80 टक्के हजेरीची अट होती. आजारी पडलेल्या किंवा सुगीत आई-वडिलांबरोबर रानात गेलेल्या मुलाचा तांदूळ जाई. म्हणजे ज्या घरात अडचण जास्त, त्याच घराचा शिधा बंद. मी ती यादी हाताने केलेली आहे आणि नावे गाळताना काय वाटते ते मला ठाऊक आहे. पुढे 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला किमान 300 उष्मांकांचे आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनांचे शिजवलेले जेवण वर्षातून किमान 200 दिवस द्यावे. त्यानंतर आमच्या शाळेत चूल पेटली. खिचडीत अळ्या निघाल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत, स्वयंपाकी बाईंच्या जातीवरून वाद झालेले पाहिले आहेत, त्यांचे तुटपुंजे मानधनही महिनोन्महिने थकलेले पाहिले आहे. या योजनेचे गुणगान करायला मी बसलेलो नाही. परंतु पंगतीत बसलेल्या मुलाला त्याच्या बापाचे उत्पन्न विचारण्याचे काम माझ्याकडे कधी आले नाही, आणि सरपंचाचा नातू व ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच पातेल्यातले खात होती.

माझा प्रश्न असा की एवढ्या समृद्ध देशाला असे करणे का जमले नाही? की पूर्वी होते आणि नंतर गेले?

मृण्मयी_लेस्टर

गुरुजी, तुमचा दुसरा तर्क बराचसा खरा आहे, आणि हा इतिहास सांगितल्याशिवाय आजची स्थिती कळत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी (1899-1902) सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण शरीराने अपात्र ठरले आणि सत्ताधाऱ्यांना त्याची काळजी वाटू लागली. त्याच सुमारास यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्ड या गिरणगावात मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोवेट ही मंडळी शाळेतच मुलांना जेवू घालावे असा आग्रह धरत होती, कारण उपाशी मुलाला शिकवणे व्यर्थ आहे हे त्यांना वर्गात दिसत होते. 1906 मध्ये कायदा झाला, पण त्याने स्थानिक संस्थांना जेवण देण्याची फक्त मुभा दिली. ते बंधनकारक व्हायला 1944 चा शिक्षण कायदा यावा लागला. त्यानंतर शाळेचे जेवण सर्वांसाठी, ठरावीक कमी दरात आणि पोषणाचे निकष पाळून मिळू लागले. अतिगरिबांना ते मोफत होते. 1946 च्या कायद्याने दुधाची छोटी बाटलीही मोफत आली.

नंतर एकेक वीट काढली गेली. माध्यमिक शाळांतले दूध 1968 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने बंद केले. सात वर्षांवरच्या मुलांचे दूध 1971 मध्ये हुजूर पक्षाच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी बंद केले, आणि लोकांच्या लक्षात फक्त दुसरी गोष्ट राहिली. त्याहून मोठा घाव 1980 च्या कायद्याने घातला. पोषणाचे निकष गेले आणि मोफत जेवणाला पात्र असलेली मुले सोडून इतरांना जेवण देण्याचे बंधनही गेले. 1986 च्या कायद्याने पात्र मुलांची संख्या आणखी कमी केली. पोषणाचे किमान निकष परत यायला 2001 उजाडले. म्हणजे सर्वांसाठी स्वयंपाकघर चालवण्याची सवय इथे साडेतीन दशके होती. ती मोडली, कारण जेवण ही शाळेची जबाबदारी नसून घराची आहे असे ठरवण्यात आले. फिनलंडने 1948 पासून सर्व मुलांना मोफत जेवण देणे सुरू केले, तेव्हा तो युद्धाने पोळलेला, गरीब देश होता, आणि श्रीमंत झाल्यावरही त्याने ते बंद केले नाही.

समीर_न्यू_जर्सी

अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात जोडतो, कारण इथे असे चक्क दोन प्रयोग झाले आणि दोन्ही मोडले. 2020 ते 2022 या करोनाच्या काळात देशभरातल्या शाळांना सर्व मुलांना मोफत जेवण देण्याची परवानगी होती. ती मुदत 2022 च्या जूनअखेर संपली आणि जेवणाची थकबाकी पुन्हा सुरू झाली. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी लगेच स्वतःच्या खर्चाने सर्वांना जेवण चालू ठेवले, मिनेसोटासारखी आणखी काही राज्ये नंतर आली; उरलेल्या बहुतेक राज्यांत उत्पन्न विचारणारे फॉर्म पुन्हा सुरू झाले. पैसे थकले म्हणून मुलाच्या हातातले गरम जेवणाचे ताट काढून घेऊन ते कचऱ्यात टाकायचे आणि थंड चीज सँडविच द्यायचे, असे प्रकार इथे होत असत. न्यू मेक्सिकोने 2017 मध्ये कायदा करून ते थांबवले. अन्न फेकले तरी चालेल, पण मुलाला ते मिळता कामा नये, हा विचार माझ्या पचनी कधीच पडला नाही.

दुसरा प्रयोग रोख पैशांचा. 2021 मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवून ती वर्षाच्या उत्तरार्धात दरमहा थेट खात्यात दिली गेली. सरकारी मदत आणि करसवलतीही उत्पन्नात धरणाऱ्या 'पूरक' मापनानुसार गरीब मुलांचे प्रमाण त्या वर्षी 5.2 टक्क्यांवर उतरले. वाढीव मदत संपली आणि 2022 मध्ये तेच 12.4 टक्के झाले. एका वर्षात पालक बेजबाबदार होत नाहीत, श्रीकांतजी.

निशिगंधा_ग्लासगो

समीर यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून मृण्मयीताईंच्या मूळ मांडणीशी थोडा मतभेद नोंदवते. शाळा वर्षातले सुमारे 190 दिवस चालते आणि जेवण दिवसातून एकदा देते. संध्याकाळ, शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी यांचे काय? मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने जून 2020 मध्ये खासदारांना जाहीर पत्र लिहिले ते याच सुट्टीसाठी. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुट्टीतल्या जेवणाचा ठराव संसदेत 322 विरुद्ध 261 मतांनी फेटाळला गेला आणि लोकांचा संताप पाहून नोव्हेंबरमध्ये सरकारला पुन्हा पैसे द्यावे लागले. मुलांच्या जेवणासाठी देशाला एका खेळाडूच्या प्रसिद्धीवर अवलंबून राहावे लागले, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

माझ्या मते प्रश्नाचे मूळ घरातल्या पैशात आहे. एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठीची युनिव्हर्सल क्रेडिटमधली मदत बंद करण्यात आली. घरात पानावर बसणारी तोंडे तीन आणि हिशेब दोघांचा. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात हा नियम एप्रिल 2026 पासून रद्द करण्याचे ठरले, ते चांगलेच झाले. पण मधल्या नऊ वर्षांत वाढलेल्या मुलांची ती वर्षे कोणी परत देणार नाही. स्कॉटलंडने फेब्रुवारी 2021 मध्ये 'स्कॉटिश चाइल्ड पेमेंट' आठवड्याला दहा पौंडांनी सुरू केले आणि नोव्हेंबर 2022 पर्यंत ते पंचवीस पौंडांवर नेले. ते प्रत्येक पात्र मुलामागे मिळते, मुलांच्या संख्येची अट नाही. पाचवीपर्यंत सर्वांना मोफत जेवणही आहे. दोन्ही हवे, पण एकच निवडायची वेळ आली तर मी आईच्या हातात पैसे देईन, कारण काय आणायचे आणि कधी शिजवायचे ते तिला कळते.

मृण्मयी_लेस्टर

निशिगंधाताई, पैसे आधी हे मला मान्य आहे, आणि फूड बँका चालवणारी माणसेही तेच सांगतात. आमची गरजच उरू नये, असे आमचे समन्वयक दर बैठकीत म्हणतात. तरी शाळेच्या जेवणाचा आग्रह मी सोडत नाही. रोख मदतीतून आधी घरभाडे जाते, मग विजेचे मीटर, मग थकलेले कर्ज, आणि जेवणाचा क्रम शेवटी येतो. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता मिळायला पाच आठवडे लागतात. दरम्यान घेतलेली आगाऊ रक्कम पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. या सगळ्या ओढाताणीत शाळेत वाढलेले ताट तेवढे कोणाला कापून घेता येत नाही.

अर्जाचा मुद्दाही लहान नाही. पात्र असूनही नाव न नोंदवलेली मुले प्रत्येक शाळेत असतात. भाषा येत नाही, फॉर्मची भीती वाटते, किंवा दुसरीपर्यंत जेवण मिळतच होते म्हणून वेगळी नोंद करायची असते हे कळत नाही. त्या नोंदीवर शाळेला 'प्युपिल प्रीमियम' म्हणून प्राथमिकच्या मुलामागे वर्षाला दीड हजार पौंडांच्या आसपास मिळतात, म्हणजे नाव राहिले की मुलाचे आणि शाळेचे, दोघांचेही नुकसान होते. शेफील्डसारख्या काही पालिकांनी आपल्याकडच्या नोंदींवरून पात्र मुले स्वतःच शोधून त्यांची नावे घालायला सुरुवात केली. हे सगळीकडे करता येईल. माहिती सरकारकडे आहेच.

श्रीकांत_कोथरूड

सर्वांचे आभार. शिस्तीचा मुद्दा मी मांडला होता. मीटर आणि पाच आठवड्यांच्या प्रतीक्षेबद्दल वाचल्यावर त्याचे वजन माझ्या दृष्टीने बरेच कमी झाले आहे. सधन पालकांच्या मुलांनाही करदात्यांच्या पैशातून का जेवू घालावे, हा प्रश्न मात्र मला अजून पडतो.

गोविंद_गुरुजी_वाई

श्रीकांतराव, सधन पालक कर भरतातच, आणि त्यांची मुले त्याच पंगतीत बसली की जेवण खराब झाल्यावर तक्रार करायला शाळेत येणारे कोणीतरी असते. आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्याच्या नातवाने घरी जाऊन खिचडीबद्दल सांगितल्यावरच तांदूळ बदलून मिळाला होता.

मिडलंड्समधली_आई

मी या धाग्यासाठीच सदस्य झाले. माझे यजमान केअर वर्कर व्हिसावर 2023 मध्ये आले आणि मी दोन मुलांसह त्यांच्याबरोबर आले. कागदावर जेवढे तास होते तेवढे तास कंपनी देत नाही. घरभाडे आणि एजंटचे कर्ज गेल्यावर हातात फार थोडे उरते. मुले चौथीत आणि सहावीत आहेत, डबा मीच देते, पण महिन्याच्या शेवटी काय द्यावे ते सुचत नाही. रविवारी मुलांना गुरुद्वाऱ्यात नेते, तिथे ती पोटभर जेवतात. आमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, असे लिहिलेले आहे. शाळेत मोफत जेवण मागितले तर व्हिसाला धोका होईल असे ओळखीच्यांनी सांगितले, म्हणून मी विचारलेच नाही. गावी सासू-सासऱ्यांना यातले काही माहीत नाही. हे खरे आहे का, कोणी सांगू शकेल का?

मृण्मयी_लेस्टर

ताई, बरे झाले विचारलेत. व्हिसाच्या नियमांत ज्यांना 'पब्लिक फंड्स' म्हटले आहे, त्या यादीत शाळेचे मोफत जेवण येत नाही. ते घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही. 2022 पासून इंग्लंडमध्ये तुमच्यासारख्या कुटुंबांना हे जेवण कायमस्वरूपी खुले झाले आहे. लंडनबाहेर दोन किंवा अधिक मुले असतील तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 26,300 पौंडांपर्यंत आणि बचत 16,000 पौंडांपर्यंत चालते. फूड बँकही धर्मादाय संस्था चालवतात, त्यामुळे तिथला शिधाही पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. ओळखीच्यांनी चांगल्या हेतूने सांगितले असेल, पण ते चुकीचे आहे.

अर्ज करताना एक लक्षात ठेवा. पालिकेच्या संकेतस्थळावरचा नेहमीचा फॉर्म भरू नका. तो युनिव्हर्सल क्रेडिटची नोंद शोधतो आणि ती न मिळाल्यामुळे नकार देतो. शाळेच्या कार्यालयात जाऊन 'नो रिकोर्स' कुटुंबांसाठीचा अर्ज हवा असे सांगा. सोबत यजमानांच्या अलीकडच्या पगारपावत्या, सगळ्या खात्यांची बँक स्टेटमेंट आणि व्हिसाचा पुरावा न्या. खिडकीवरच्या व्यक्तीला हा नियम माहीत नसेल, असे होऊ शकते; तसे झाले तर मुख्याध्यापकांना भेटायची वेळ मागा. सहावीतला मुलगा सप्टेंबरमध्ये दुसऱ्या शाळेत जाईल, तिथे नोंद आपोआप जाईल असे धरू नका, पुन्हा विचारा.

यजमानांच्या तासांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस या धर्मादाय संस्थेत मोफत सल्ला मिळतो. अर्ज इंग्रजीत भरायला अडचण वाटत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आपण फोनवर एकेक रकाना मिळून भरू.

केतकी_आहार

ताई, अर्जाचा निकाल येईपर्यंत थांबू नका. सोमवारी अर्ज देतानाच शाळेला सांगा की निकालापर्यंतही मुलांना जेवण द्यावे. बऱ्याच शाळा अशा वेळी स्वतःच्या निधीतून ते देतात. तसेच फूड बँकेचे व्हाउचर शाळा किंवा तुमचा दवाखाना देऊ शकतो, तेही त्याच भेटीत मागून घ्या.